नवरदेवाच्या गाडीचा पट्टा

"आपा, तुमी खरंच इंजिन खोलता, का नुसते पाने पुसून ठेवता?"

हा प्रश्न माझा नव्हता, देवाशपथ. शिवकन्यानं आणि आमच्या बाकावरच्या पोरींनी पैज लावली होती. वडवणीत आमच्या शाळेच्या वाटेवर कासम चाचांचं गॅरेज आहे. चाचांची कंबर धरली तेव्हापासून सगळं काम त्यांची मुलगी नाजिया आपा बघते. सलवार-कमीजवर निळा कोट, ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळलेली, हात कोपरापर्यंत काळे. पोरींचं म्हणणं, ही दिखाव्याला उभी राहते, काम दुसरंच कुणी करत असणार. "विचारून दाखव, मग तुला मानू." मागच्या महिन्यात गॅदरिंगला मी पहिल्यांदा माइकवर बोलले, आणि तेव्हापासून हिचं तोंड मिटतच नाही असं आई म्हणते. मिटत नाही तर नाही. मी विचारलं.

आपा तेव्हा एका जीपखाली होती. फक्त चपला दिसत होत्या. मग खालून आवाज आला, "पाने पुसायला तूच ये उद्यापासून. मला सवड न्हाई."

मागं फाटकाशी पोरी अशा हसल्या की काय सांगू. मी पळणारच होते. तेवढ्यात आपा सरपटत बाहेर आली, उठली, आणि पेटीतून चक्क लाल नेलपॉलिशची बाटली काढली.

"बघ गं, नटते बी!" शिवकन्या लांबून ओरडली.

"हो तर," आपा तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली. "पण माझ्या नखाला न्हाई, इंजिनच्या चाकाला. यायचं तर आत येऊन बघा, फाटकाबाहेरून कशाला बघता?"

बाकीच्या पळाल्या. मी आत गेले.

तिनं मला एक उघडं इंजिन दाखवलं. एका बाजूला वर एक दातेरी चाक, खाली एक दातेरी चाक, आणि दोघांना वेढून एक काळा रबरी पट्टा. चाकाच्या एका दातावर लाल ठिपका, पट्ट्यावर लाल रेघ. ठिपका नि रेघ समोरासमोर आल्याशिवाय ती पट्टा बसवत नाही.

"टिपऱ्या खेळता ना तुमी शाळेत?" तिनं विचारलं. "ठेका चुकला तर काय होतं?"

"टिपरी बोटावर बसते."

"हां. इंजिनात बी तेच. खालून पिस्टन वर येतो, वरून वॉल्व खाली येतो. एक आला की दुसऱ्यानं सरकायचं. हा पट्टा त्यांचा ठेका धरतो. तुटला की टिपरी बोटावर. पिस्टन जाऊन वॉल्वला धडकतो, वॉल्व वाकतात, कधी पिस्टनच फुटतो. हाताएवढा रबर तुटतो अन् आख्खं इंजिन बसतं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "घरी गाडी हाय का?"

"हाय की! गावातले नवरदेव तिच्यातच बसतात. पण आमच्या गाडीला काय बी होत न्हाई. मीटर बघा, नवीच हाय अजून."

बाजेवरून कासम चाचांनी मान वर केली. "पांढरी? नवरदेवाची? म्हणजे तू बंकटरावाची पोरगी! तुझ्या बापानं ती गाडी जुनी घेतली तवा तिचा पट्टा मीच बदललता. तू दुसरीत होतीस. बोनेटवर बसून पेरू खाल्लास, अन् बिया सगळ्या माझ्या टपात टाकल्यास."

मी आता दहावीत आहे. आपानं बोटं मोजली नाहीत, पण तिचा चेहरा बदलला. "त्यानंतर बदलला का पट्टा?"

मला गाडीत असा काही पट्टा असतो हेच आज कळत होतं.

आमच्या अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, त्या गाडीवर भारी जीव. गाव वडवणीपासून जवळच, त्यामुळं रोजच्या जाण्या-येण्याला ते मोटरसायकल काढतात. गाडी शेडमध्ये, अंगावर गोधडी घालून. वर्षातून एकदा कपिलधारच्या यात्रेला आम्हाला घेऊन जाते, एरवी फक्त लग्नाला निघते. गावातला कुणाचाही नवरदेव असू दे, परण्याला, म्हणजे लग्नाआधी मारुतीच्या पाया पडायला तो वाजतगाजत जातो तेव्हा, आमच्याच गाडीत बसतो. अप्पा कुणाकडून एक रुपया घेत नाहीत. टॉवेल-टोपीचा आहेर घेतात, कपाळाला गंध लावून घेतात आणि स्वतः स्टेअरिंगवर बसतात. आई म्हणते, "लोखंडी पेटी भरून टोप्या झाल्यात. डोकं एकच हाय ह्यांना."

आणि पुढच्या आठवड्यात लग्न होतं पप्पूदादाचं, माझ्या चुलत भावाचं. नवरी धर्मापुरीची, लग्न आमच्याच गावात.

"अप्पा, आपल्या गाडीचा पट्टा बदलायला झालाय," मी घरात पाऊल टाकताच म्हणाले.

"कावून? तुटला का?"

"न्हाई."

"मग?"

मला पुढचं नीट सांगता आलं नाही. टिपऱ्यांचं सांगितलं तर आई हसली. पण लग्नाआधी ऑइल बदलायचंच होतं, म्हणून अप्पांनी शनिवारी गाडी गॅरेजला नेली. माझी शाळा अर्धी होती. मी पुढच्या सीटवर. मागं बजरंगतात्या, पप्पूदादाचे वडील. नवरदेवाची गाडी कशी तयार होतेय ते डोळ्यानं बघायला आलेले.

आपानं ऑइल बदललं आणि मग न सांगताच वरचं झाकण सोडवलं. पट्टा दिसला. काळाभोर. कुठं चीर नाही, कुठं धागा सुटलेला नाही.

"घ्या!" अप्पा खूश झाले. "कोरा करकरीत हाय. गोधडी घालून ठेवतो मी तिला."

"दिसायला चांगला हाय, बंकटभाऊ," आपा म्हणाली. "पण ह्याचं दिसण्यावर न्हाई. आतला दोरा कवा दमतो ते वरून कळत न्हाई. गाडीगाडीचं वेगळं असतं, पण ह्या जुन्या इंजिनाला साठ हजार किलोमीटर न्हाईतर पाच वर्षं धरतात, जे आधी येईल ते. आपल्याकडं धूळ, ऊन, म्हणून मी तर त्याच्याबी आधीच सांगते. किलोमीटरनं बघितलं तर तुमची लई कमी चाललीय. वर्षानं बघितलं तर कवाच उलटून गेलीय."

"पण चाललीच न्हाई तर झिजल कशी?"

"रबर हाय भाऊ. उभ्या उभ्याबी म्हातारं होतं."

तात्या मागून म्हणाले, "बाई, आठवड्यावर लग्न आलंय. गाडी जाईल का न्हाई तेवढं सांग."

आपानं पट्ट्यावर अंगठा दाबून पाहिला, जरा विचार केला. "पट्टा मागवते. लग्नापुरती न्या. लांब न्यायची न्हाई, हळू चालवा. त्यानंतर मात्र लगेच बदलायचा."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. तात्यांनी चहा सांगितला. सगळं मिटलं होतं, आणि माझ्या डोक्यात मात्र एकच शब्द अडकून बसला. हळू.

हळूच तर चालते ती! परण्याला आमच्या दारातून मारुतीपर्यंत चालत गेलं तर घाम येत नाही, एवढंसं अंतर. पण पुढं बँड, त्याच्यापुढं पोरं नाचतायत, एकच गाणं पुन्हा पुन्हा लावतायत. दुपार सरते पण मारुती येत नाही. आणि तेवढा वेळ गाडी सुरूच. नवरदेवाला एसी पाहिजे. बंद केली की नवरदेवाची आई ओरडते, पोरगं घामेजलं, फोटो खराब होतील. मीटर कुठं हलतंय? पण इंजिन तर फिरतंय.

मी हे मोठ्यानं बोलले.

आपाच्या हातात पाना होता तो तसाच राहिला. "परत बोल."

मी परत बोलले. "मीटर नुसता रस्ता मोजतंय ना आपा? पट्ट्याला तर इंजिन सुरू असलं की पळावंच लागतं, गाडी उभी असली तरी."

"किती लग्नं झाली असतील आजवर?"

अप्पा बोटांवर मोजायला लागले. मीच म्हणाले, "आईच्या पेटीतल्या टोप्या मोजा. मोजता मोजता संध्याकाळ होईल."

बाजेवर चाचा हसायला लागले ते थांबेचनात. पण आपा हसली नाही. तिनं पाना खाली ठेवला, हात पुसले, आणि अप्पांच्या समोर येऊन उभी राहिली. चहावाला, तात्या, टायरची हवा बघायला आलेले दोघं, सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बंकटभाऊ, लग्नापुरती न्या म्हणाले ते मी माघारी घेते. मी नुसते किलोमीटर बघितले. उभ्या गाडीचा हिशोब माझ्या ध्यानात आला न्हाई, तो हिच्या आला. परण्यात ह्या गाडीचं इंजिन चालू करू नका."

मी कुठल्याच मोठ्या माणसाला असं बोलताना ऐकलं नव्हतं. आमच्या घरात चुकलं तर विषय बदलतात. शाळेत चुकलं तर फळा पुसतात. ही तर ताठ मानेनं, जणू काही कमावल्यासारखं सांगत होती.

"वा रं वा!" तात्या म्हणाले. "घटकेत हो, घटकेत न्हाई. शाळंतल्या पोरीनं दोन शब्द बोलले की मिस्त्रीण फिरली!"

"फिरले तात्या. पोरीचं बरोबर हाय, तर मी चुकीचं कुठवर धरून बसू?"

"अन् तुटलाच न्हाई तर?"

"तर लई आनंद हाय. परण्यातच तुटल असं मी म्हणतच न्हाई. कवा तुटल ते मला कळत न्हाई, अब्बांना कळत न्हाई, गाडी बनवणाऱ्याला बी कळत न्हाई. म्हणून तर तुटायच्या आधी बदलायचा असतो."

मग तिनं फोन लावायला सुरुवात केली. बीडमध्ये त्या जुन्या मॉडेलचा पट्टा नव्हता. अंबाजोगाईत नव्हता. संभाजीनगरचा एक दुकानदार म्हणाला, मागवून देतो, सोबत ताण धरणारी बेअरिंगबी घ्या, पण हातात पडायला लग्न उलटून जाईल. दुसऱ्या मापाचा पट्टा होता त्याच्याकडं. "चालवून घ्या," तो फोनवर म्हणत होता, आम्हाला ऐकू येत होतं. "तुमच्या गाडीत चालवून घ्या. मला बरोबर मापाचाच मागवा," म्हणून आपानं फोन ठेवला.

तात्या उठले. "हे बघ बंकट. ह्या गावचा एक नवरदेव तुझ्या गाडीबिगर मारुतीला गेला न्हाई. परक्यांची पोरं तू बसवून नेलीस. माझंच पोरगं पायी जाणार असंल तर तसं सांग. मग आपलं येणंजाणं बी पायीच बघू." आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

अप्पा मला एवढे एकटे कधी दिसले नव्हते. गाडी दिली तर गाडी जाते, नाही दिली तर भाऊ जातो. त्यांनी आपाकडं बघितलं. "बाई, तू नुसतं ठीक हाय म्हण. बाकीचं माझ्यावर."

"झाकण लावून देते, भाऊ. घरापर्यंत सावकाश न्या. पण ठीक हाय असं माझ्या तोंडून निघणार न्हाई."

ना चिडली, ना पाया पडल्यासारखं बोलली. झाकणाचा एकेक बोल्ट तिनं असा आवळला, जसा काही गिऱ्हाईक तिच्यावर खूश होऊनच चाललंय.

अप्पांनी रस्त्यावरून तात्यांना गाडीत घेतलं आणि सायकलच्या वेगानं घराकडं निघाले. गावाच्या कमानीजवळ आल्यावर तात्यांना म्हणाले, "येईल गाडी." आणि एक हात डॅशबोर्डवर ठेवला, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

मला रडू आलं, राग आला, आणि सोमवारी शाळा सुटल्या सुटल्या मी गॅरेजला पोहोचले. आता माझं 'तुमी' गळून 'तू' झालं होतं.

"आपा, तू सांगितलं तरी अप्पा गाडी नेणारच. आता काय करायचं?"

"मी काय करू? गाडी त्यांची, इज्जत त्यांची. मला जे वाटलं ते सांगितलं. तू अशी उभी राहू नको, हात लाव."

दारात एक बंद पडलेली जीप आडवी होती. आपा ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहिली, एक हात खिडकीतून आत स्टेअरिंगवर, खांदा चौकटीला. मी मागून ढकललं. मला वाटलं होतं जागची हलायची नाही. ती गपगुमान निघाली! आम्ही दोघी, आणि एवढी मोठी जीप चालत्या माणसाच्या चालीनं फाटकाबाहेर.

चालत्या माणसाच्या चालीनं.

"आपा!" मी ओरडलेच. "परण्या तरी ह्याच्यापेक्षा कुठं पळतो?"

तिनं जीपकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. मग तोंडावर ओढणी धरून एवढी हसली, एवढी हसली की जीपला टेकून खाली बसली. "इंजिन बंद! या अल्ला! नवरदेव ढकलत न्यायचा!" आणि पुढच्याच क्षणी हसू पुसून कामाला लागली. रस्ता सपाट आहे का? मारुतीजवळ थोडा चढ आहे. मग चढाला जास्त पोरं लागतील, आणि मागं चाकाला लावायला दगड घेऊन एकजण. चावी एक घर फिरवायची, नाहीतर स्टेअरिंग अडकतं. स्टार्टर मारायचा नाही. गिअर न्यूट्रल. इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो, म्हणून हँडब्रेकवर हात पाहिजे. गाडीच्या पुढं कुणी नाचायचं नाही, दोन हात अंतर. तिनं माझ्याकडून सगळं दोनदा म्हणून घेतलं, आणि पट्टा आला की आमच्या शेडमध्येच येऊन बसवीन म्हणाली. "मी सांगितलं म्हणून सांगू नको," ती म्हणाली. "तुझ्या डोक्यातून निघालंय, तुझ्या तोंडानं सांग."

तशीच मी पप्पूदादाकडं गेले. तो मित्रांबरोबर मांडवाचे बांबू उतरवत होता. मी सगळं सांगितलं, वॉल्व, पिस्टन, टोप्या, सगळं. त्याचा एक मित्र म्हणाला, "धक्का-स्टार्ट नवरदेव बे!" आणि सगळे फिदीफिदी.

पप्पूदादाचं तोंड पडलं. "लोक हसतील गं विजू. गाडी बंद पडली म्हणतील."

"बंद पडल्यावर ढकलतात तवा हसतात. तू सजवून, फुलं लावून, आधीच ढकलत निघ ना! तालुक्यात कुणाच्या नवरदेवाला दोस्तांनी हातानं मारुतीला नेलंय? अन् मधीच इंजिन फुटलं, धूर निघाला, तर ते काय फोटोला चांगलं दिसल?"

"एसी?"

"बंद."

"घाम येईल की."

"येऊ दे. नवरदेव हायस का दही, नासायला?"

मित्र परत हसले, पण आता त्याच्यावर. दादानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "बंकटकाकानं मला ह्याच गाडीत बसवून शाळेच्या सहलीला बीडच्या स्टँडवर सोडलतं. माझ्या लग्नात तिचं वाटोळं व्हावं असं मला तरी कुठं वाटतंय." आणि त्या धक्का-स्टार्ट म्हणणाऱ्या मित्राच्या पाठीत थाप मारली. "डाव्या बाजूला तू. उजव्या बाजूला पैलवान लावू. तात्याला मी सांगतो. माझं लग्न हाय, त्याचं न्हाई."

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती आणि अप्पा दारात बसून शेडकडं बघत होते. गोधडी काढून ठेवलेली. हार बांधायला दोरी आणून ठेवलेली. एखादी पाहुणी निघायची असावी तसे बघत होते.

मी दप्तर काढलं नाही. दोघांच्या मधोमध उभी राहिले. आईचा हात थांबला.

"काय गं? पुन्हा पट्टा का?"

"हो, पुन्हा पट्टा," मी म्हणाले. "अप्पा, आई, मी ठरवलंय. परण्याला आपली गाडी जाणार. तुमीच स्टेअरिंगवर बसणार, गंध लावून. पण इंजिन चालू होणार न्हाई. पप्पूदादाचे दोस्त ढकलत नेणार, दादा हो म्हणालाय, तात्यांचं तो बघतोय. हँडब्रेकवर तुमचा हात राहणार, अन् तुमच्या शेजारच्या सीटवर मी बसणार, कुणी एसी लाव म्हणालं तर न्हाई म्हणायला. पट्टा आला की नाजिया आपा इथं शेडमध्ये येऊन बसवणार, अन् तवा लाल ठिपका मी लावणार. रुसणारे रुसू द्या. ह्या गाडीचं आता मी ठरवलंय."